पाठ ११ : कर्करोगाचा किरणोपचार – यंत्र, दिवस आणि पैसा

बचतीच्या पुस्तिकेत कर्करोगाचा पाठ कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. घरात हा आजार आला की पहिल्या पंधरा दिवसांतच पैशांचे मोठे निर्णय घ्यावे लागतात. मुदत ठेव मोडायची का, दागिने गहाण ठेवायचे का, जमीन विकायची का, असे प्रश्न समोर येतात. त्याच दिवसांत डॉक्टरांकडून लिनॅक, आयएमआरटी, प्रोटॉन, सायबरनाइफ असे शब्द कानावर पडतात. शब्द कळत नाहीत, पण प्रत्येकासमोरचा आकडा कळतो. मग ‘जे महाग तेच चांगले’ असे समजून आपण सही करतो, किंवा आकड्याला घाबरून उपचारच लांबवतो. दोन्हींत नुकसान आहे.

या पाठातून एक गोष्ट मनात ठेवायची आहे : डॉक्टरांच्या सल्ल्याने असा उपचार निवडा, जो ठरल्या दिवसांत पूर्ण करता येईल, आणि तो पूर्ण करण्याची पैशांची सोय पहिल्या दिवसाआधी करून ठेवा.

१. किरणोपचार म्हणजे काय?

बोलीभाषेत याला ‘लाईट घेणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात. प्रत्यक्षात यात उष्णतेचा शेक नसतो. शक्तिमान क्ष-किरणे किंवा गॅमा किरणे गाठीवर सोडली जातात. त्यांनी कर्करोगाच्या पेशींमधील डीएनए तुटतो आणि त्या पेशी वाढू शकत नाहीत. आजूबाजूच्या निरोगी पेशींनाही थोडी इजा होते, पण त्या स्वतःला बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. म्हणून एकूण मात्रा एकाच दिवशी न देता अनेक दिवसांत वाटून दिली जाते. अशा एका दिवसाच्या उपचाराला ‘सिटिंग’ म्हणतात. मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात.

रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला आणि क्यूरी पतिपत्नींनी रेडियम १८९८ मध्ये शोधले. त्यानंतर थोड्याच वर्षांत दोन्हींचा उपचारासाठी वापर सुरू झाला. म्हणजे ही पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे. काळाबरोबर सर्वांत जास्त बदलली ती नेमकेपणाची पातळी.

बाहेरून किरणे घेतल्यावर रुग्णाच्या अंगातून किरणे बाहेर पडत नाहीत. तो घरी मुलांजवळ बसू शकतो. या गैरसमजापायी वेगळी खोली भाड्याने घेण्याचा खर्च करू नका.

२. यंत्रांची ओळख

*कोबाल्ट यंत्र.* यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असतो. त्याची शक्ती साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले ‘भाभाट्रॉन’ हे याच जातीचे भारतीय यंत्र आहे. भारताने ते व्हिएतनामसारख्या देशालाही दिले आहे.

*लिनॅक.* यात किरणोत्सारी पदार्थ नसतो. विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन वेगाने धातूवर आदळवून क्ष-किरणे तयार केली जातात. आज मोठ्या रुग्णालयांत हेच यंत्र जास्त दिसते.

*आयएमआरटी आणि आयजीआरटी.* ही वेगळी यंत्रे नसून लिनॅक वापरण्याच्या पद्धती आहेत. पहिलीत धातूच्या बारीक पट्ट्या हलवून किरणांना गाठीचा आकार दिला जातो. दुसरीत सिटिंगच्या वेळी यंत्रावरच चित्र काढून गाठ जागेवर आहे ना, हे पाहिले जाते.

*स्टिरिओटॅक्टिक उपचार.* लहान गाठीवर अनेक दिशांनी किरणे एकवटून एक ते पाच सिटिंगमध्ये मोठी मात्रा दिली जाते. गॅमा नाइफ आणि सायबरनाइफ ही यासाठीच्या यंत्रांची नावे. ‘नाइफ’ म्हणजे सुरी असली तरी यात कापाकापी नसते.

*ब्रॅकीथेरपी.* किरणोत्सारी पदार्थ गाठीच्या अगदी जवळ किंवा आत काही काळ ठेवला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरच्या किरणांबरोबर हा उपचार फार महत्त्वाचा आहे.

*प्रोटॉन.* क्ष-किरण गाठीतून आरपार जातात. प्रोटॉन आपली बहुतेक शक्ती ठरलेल्या खोलीवर टाकून तिथेच थांबतात. त्यामुळे लहान मुले, मेंदूच्या तळाशी किंवा मणक्याजवळ असलेल्या काही गाठी यांत त्यांचा विशेष उपयोग होतो. भारतात चेन्नईच्या एका खासगी केंद्रात २०१९ मध्ये आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ मध्ये हा उपचार सुरू झाला. प्रत्येक गाठीला प्रोटॉन लागतो असे मुळीच नाही.

यंत्र कोणतेही असो, भारतात ते चालवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. सरकारी रुग्णालयालाही लागतो आणि पंचतारांकित रुग्णालयालाही.

३. नवे म्हणजे नेहमी महाग का?

तीन उदाहरणे पाहू. तिन्हींचे उत्तर वेगवेगळे आहे.

*पहिले : नवे तंत्र महाग, पण त्याचा खरा फायदा आहे.* गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणे घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर टाटा स्मारक केंद्राने अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत ४२ टक्के स्त्रियांना आतड्याचा लक्षणीय त्रास झाला. चित्र पाहून दिलेल्या आयएमआरटीत हे प्रमाण २१ टक्के होते. आजार आटोक्यात राहण्यात मात्र दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे जादा पैसे आयुष्य वाढवण्यासाठी नव्हते, पुढचा त्रास निम्मा करण्यासाठी होते. तोंड आणि घशाच्या कर्करोगातही आयएमआरटीमुळे लाळग्रंथी वाचतात आणि तोंड कायमचे कोरडे पडण्याचे प्रमाण घटते.

*दुसरे : नवी पद्धत स्वस्त पडते.* स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पूर्वी २५ सिटिंग, म्हणजे पाच आठवडे, किरणे दिली जात. इंग्लंडमधील अभ्यासांनी दाखवले की दर दिवशीची मात्रा थोडी वाढवून १५ सिटिंगमध्ये, म्हणजे तीन आठवड्यांत, तितकाच गुण येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योग्य रुग्णांसाठी ५ सिटिंगचा, एका आठवड्याचा उपचारही तितकाच परिणामकारक दिसला. यात यंत्र नवे नाही, मात्रा वाटण्याची पद्धत नवी आहे.

*तिसरे : साधा उपचार पुरेसा असतो.* आजार हाडात पसरून वेदना होत असतील, तर अनेक रुग्णांना एकाच सिटिंगने दहा सिटिंगइतका आराम मिळतो. काहींना पुढे पुन्हा एकदा सिटिंग घ्यावी लागते. तरीही वेदनेत असलेल्या माणसाला रोज गाडीत घालून नेण्याचे हाल वाचतात.

म्हणून ‘सर्वांत चांगले यंत्र कोणते?’ असे विचारू नका. ‘आमच्या माणसाच्या या गाठीला या तंत्राने काय जास्त मिळेल : आयुष्य, कमी त्रास की कमी दिवस?’ असे विचारा. डॉक्टरांना याचे उत्तर सोप्या भाषेत देता येते.

४. उपचार मध्येच थांबला तर?

हा या पाठातील सर्वांत गंभीर भाग आहे. किरणोपचार सुरू असताना मोठा खंड पडला तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. तोंड, घसा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हे विशेष खरे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरची किरणे आणि ब्रॅकीथेरपी मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावा असे डॉक्टर पाहतात. पुढे जाऊन राहिलेल्या सिटिंग घेतल्या तरी गेलेला वेळ पूर्ण भरून निघत नाही.

खंड अनेक कारणांनी पडतो. तोंड सोलवटून जेवण बंद होते, अशक्तपणा येतो, यंत्र बिघडते. पण पैसे संपणे हे कारण असे आहे की त्याची तयारी आधी करता येते. महागडे तंत्र निवडून तिसऱ्या आठवड्यात हात रिकामे होण्यापेक्षा, पेलवणारा उपचार शेवटच्या सिटिंगपर्यंत घेणे अधिक हिताचे. आपली पैशांची मर्यादा डॉक्टरांना किंवा रुग्णालयातील समाजसेवा विभागाला सुरुवातीलाच सांगा. यात कमीपणा नाही. मर्यादा माहीत असली तर ते त्यात बसणारा योग्य उपचार सुचवू शकतात, किंवा दुसऱ्या केंद्रात पाठवू शकतात.

५. खर्चाचा पूर्ण कागद करा

रुग्णालयाचा अंदाज हा खर्चाचा एक भाग असतो. कागदावर दोन रकाने आखा.

रुग्णालयातील खर्च : नियोजनासाठीचे सीटी स्कॅन, चेहऱ्याचा किंवा शरीराचा साचा, संगणकावरील नियोजन, सर्व सिटिंगचे पैसे, सोबत केमोथेरपी असल्यास ती, रक्ततपासण्या, औषधे, नंतरचे स्कॅन. नियोजनाचा खर्च एकदाच येतो. अंदाजात तो धरला आहे का, हे विचारा.

रुग्णालयाबाहेरचा खर्च : राहणे, जेवण, रोजची रिक्षा किंवा बस, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या मुलांची सोय.

*उदाहरण.* समजा, एक कुटुंब उपचारासाठी दुसऱ्या शहरात राहते. रोजचे भाडे ७०० रुपये, जेवण ४००, प्रवास २०० आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी ६०० रुपये. एकूण १,९०० रुपये रोज.

- ५ आठवडे (३५ दिवस) : ६६,५०० रुपये
- ३ आठवडे (२१ दिवस) : ३९,९०० रुपये
- १ आठवडा (७ दिवस) : १३,३०० रुपये

उपचार पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत झाला, तर रुग्णालयाच्या बिलाबाहेरच २६,६०० रुपये वाचतात. म्हणून ‘कमी सिटिंगची पद्धत आम्हाला चालेल का?’ हा प्रश्न जरूर विचारा. चालणार नसेल तर डॉक्टर कारण सांगतील, आणि ते ऐकावे.

हा बाहेरचा खर्च कमी करण्याचे आणखी मार्ग आहेत. टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये मुंबईखेरीज वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम, संगरूर येथेही आहेत. देशभरातील शेकडो रुग्णालये नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यात आहेत. घराजवळ तोच उपचार मिळतो का, हे आधी पाहा. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांसारख्या संस्था रुग्ण आणि नातेवाइकांची राहण्याची सोय करतात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात पूर्ण सवलत मिळते, तर सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातील दाखला घ्यावा लागतो.

६. बिल कोण भरणार?

*आयुष्मान भारत.* पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. योजना २०१८ पासून सुरू आहे. आजार आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो, आणि कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ही सोय आहे. किरणोपचाराची पॅकेजे ठरलेली असतात. सुचवलेले तंत्र पॅकेजात बसते का, हे रुग्णालयातील आयुष्मान मित्राला विचारा. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. अनेक राज्यांच्या स्वतःच्या आरोग्य योजनाही आहेत.

*आरोग्य विमा.* किरणोपचारासाठी बहुधा रात्रभर भरती व्हावे लागत नाही. पॉलिसीतील ‘डे-केअर’ यादीत तो असतो. प्रत्येक सिटिंगला वेगळी मंजुरी लागते की सर्व सिटिंगना एकच, हे आधी विचारा.

स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी, रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी, इम्युनोथेरपीची इंजेक्शने यांसारखे आधुनिक उपचार विमा कंपन्यांनी पॉलिसीतून वगळू नयेत, असा विमा नियामकाचा नियम आहे. मात्र त्यांच्यावर रकमेची मर्यादा घालता येते. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या ५० टक्के आहे. शिवाय प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा आपला असतो.

*उदाहरण.* विमा रक्कम ३,००,००० रुपये. रेडिओसर्जरीचे बिल २,४०,००० रुपये.

- मर्यादेनुसार मान्य रक्कम : १,५०,००० रुपये
- त्यातील आपला ५ टक्के वाटा : ७,५०० रुपये
- कंपनी देणार : १,४२,५०० रुपये
- आपल्या खिशातून : ९७,५०० रुपये

तीन लाखांचा विमा आहे म्हणून अडीच लाखांच्या आतले बिल सगळे भरले जाईल, असे धरून चालू नका.

*गंभीर आजाराची पॉलिसी.* यात निदान झाल्यावर ठरलेली रक्कम एकदम मिळते, बिल कितीही असो. भाडे, जेवण, बुडालेली मजुरी यांसाठी ती उपयोगी पडते. पण अगदी सुरुवातीचा, जागेवरच मर्यादित असलेला कर्करोग व्याख्येत बसत नाही. पॉलिसी घेतल्यावर सहसा पहिले ९० दिवस लाभ नसतो.

विमा घेताना आधीचा आजार, तपासण्या, तंबाखूची सवय काहीही लपवू नका. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. निदान झाल्यावर पॉलिसी शोधून उपयोग नाही. ती निरोगी असतानाच घ्यावी.

७. स्वतःची बचत कोणत्या क्रमाने वापरावी?

१. बचत खाते आणि आपत्कालीन निधी आधी वापरा. तो याच दिवसासाठी ठेवलेला असतो.

२. पैसे थोड्या महिन्यांत विम्यातून परत येणार असतील, तर मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घ्या. समजा, दोन लाखांच्या ठेवीला दोन वर्षे झाली आहेत आणि चार महिन्यांसाठी ८०,००० रुपये हवे आहेत. ९ टक्के दराने कर्जाचे व्याज २,४०० रुपये होते. ठेव मोडली आणि दंड १ टक्का असेल, तर सरळ हिशेबाने दोन वर्षांचे सुमारे ४,००० रुपये व्याज कमी मिळते. पैसे परत येणार नसतील तर मात्र कर्जापेक्षा ठेव मोडणे बरे.

३. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी रक्कम काढता येते. पीपीएफ खाते पाच वर्षांनंतर गंभीर आजाराच्या कागदपत्रांवर मुदतीआधी बंद करता येते. व्याज १ टक्का कमी मिळते.

४. दागिन्यांवर कर्ज घ्यायचे तर बँकेतून किंवा मान्यताप्राप्त संस्थेतून, पावती घेऊन घ्या. सावकाराकडे शेवटीसुद्धा जाऊ नका.

५. शेती, दुकान, शिलाई यंत्र, रिक्षा अशी कमाईची साधने विकणे टाळा. उपचार संपल्यावर घर त्यावरच चालणार आहे.

खात्यांचीही व्यवस्था करा. रुग्णाचे खाते एकट्याच्या नावावर असेल तर तो सही करू शकेल तोवर नामनिर्देशन आणि संयुक्त खात्याची सोय करून घ्या. फार आजारी खातेदाराला सही जमत नसेल, तर अंगठा आणि साक्षीदारांच्या आधारे पैसे काढण्याची सोय बँकेत आहे. शाखेत विचारा.

पुढील काळासाठी एक सवय लावा. एक मोठी ठेव ठेवण्याऐवजी चार लहान ठेवी वेगवेगळ्या महिन्यांत पूर्ण होतील अशा ठेवा. गरज आली तर एकच मोडावी लागते.

८. सही करण्यापूर्वी विचारायचे सहा प्रश्न

- उपचाराचा हेतू काय : आजार बरा करणे, की त्रास कमी करणे?
- हे तंत्र का? साध्या तंत्राने काय कमी मिळेल?
- किती सिटिंग? कमी सिटिंगची पद्धत चालेल का?
- नियोजनापासून शेवटच्या स्कॅनपर्यंत एकूण खर्च किती?
- योजना किंवा विमा यातील किती देईल? मंजुरी लेखी मिळाली का?
- हाच उपचार घराजवळच्या सरकारी किंवा धर्मादाय केंद्रात मिळतो का?

शंका असेल तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत घ्या. त्यासाठी बायॉप्सीचा अहवाल, स्कॅन आणि कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. मात्र मते घेत महिने घालवू नका. ‘खात्रीने बरा करतो, आगाऊ पैसे भरा’ असे कोणी म्हणत असेल, तर तिथून उठावे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील आरोग्य पॉलिसी काढा. ‘आधुनिक उपचार’ या शीर्षकाखाली किती रकमेची मर्यादा आहे, ते लिहून ठेवा.

२. घरातील ७० वर्षांवरील व्यक्तीचे आयुष्मान कार्ड काढले आहे का? नसल्यास या आठवड्यात काढा.

३. आपल्या गावापासून सर्वांत जवळचे किरणोपचार केंद्र कोणते? तिथे तीन आठवडे राहण्याचा खर्च, वरील उदाहरणाप्रमाणे, मांडून पाहा.

४. आपल्या ठेवींपैकी कोणती रक्कम सात दिवसांत हाती येऊ शकते? तो आकडा आणि तिसऱ्या प्रश्नातील आकडा शेजारी लिहा. दोन्हींत अंतर असेल, तर तेवढी रक्कम हे आपले पुढचे बचतीचे उद्दिष्ट समजा.